एकशे बारा

अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही,
मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकायचं.
एकाहत्तराव्या वर्षी तोंडाला पाणी सुटायला वेळ लागतो.
मी काकडीच्या लोणच्याच्या बरणीकडे टक लावून बसले.
बाहेर उणे एकतीस.
पोस्टातल्या डॅरिलनं पाकीट कानाशी हलवून विचारलं,
नाजूक काही आहे का?
म्हटलं, आजोबा आहेत.

विल्फ्रेड टेट. नवव्या वर्षी बोटीतून उतरले,
सोबत पत्र्याची ट्रंक, दोन सदरे,
गळ्यात दोरीनं अडकवलेला क्रमांक.
सस्कॅचेवानच्या शेतांवर राबायला
इंग्लंडातून अशीच पोरं पाठवत तेव्हा,
गुरांसारखी.
पण गुरांच्या आईबापांची नोंद असायची.

आई कोण, असं विचारलं
तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.
एप्रिलमध्ये बर्फ वितळून अंगणाचा राडा झाला
की दारात बूट काढताना एवढंच म्हणायचे :
क्लार्टी.
हा शब्द पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हता.
आजी युक्रेनियन, तिला ती शिवी वाटायची.
आम्हा पोरांना वाटायचं, त्यांनीच केलाय,
जसं खुराडं केलं होतं उरल्यासुरल्या फळ्यांचं.

सहा आठवड्यांनी निकाल आला.
आजीकडचे धो धो आले, लग्नाला यावेत तसे,
तीनशे चुलत-मावस, निम्म्यांची आडनावं मला म्हणता येईनात.
आजोबांच्या बाजूला
एक वाळकं पान.
मॉरीन प्राउडलॉक, संडरलंड.
एकशे बारा सेंटिमॉर्गन.

सेंटिमॉर्गन म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही.
मी आयुष्यभर धान्याच्या कोठारावर वजनं लिहिली,
तेव्हा आकड्याला आकडा लावणं जमतं.
रात्री दोनपर्यंत जमवत बसते.
जो दोघींना लागतो तो हिरवा,
जो मलाच लागतो तो निळा,
जो कुणालाच लागत नाही त्याला पिवळा रंग,
आणि पिवळेच फार.
अनाथाश्रमाच्या वहीचा फोटो मागवला, आठ पौंडांना.
'आई : हॅना. ठावठिकाणा नाही.'
मग जनगणनेत हॅना शोधल्या.
एक धुणी धुणारी, तिला आशेनं धरून ठेवलं तीन दिवस,
तर ती आजोबांच्या जन्माआधी दोन वर्षं मेलेली.
मला उगाच तिचं सुतक आल्यासारखं झालं.

मॉरीनला लिहिलं. चार वेळा खोडलं.
नमस्कार, तुम्ही मला ओळखत नाही,
माझे आजोबा बहुधा तुमच्यातले.
तुम्हाला ठाऊक आहे का, त्यांची आई कोण?

एकोणीस दिवस काही नाही.
विसाव्या दिवशी उत्तर :
आमच्या आजीलाही त्याच आश्रमाच्या पायरीवर ठेवलं होतं,
शालीत, आणि शाल कुणीतरी नंतर चोरली.
आम्हीही तिथंच अडलोय.
मी तर तुम्हालाच विचारणार होते,
तुम्हाला ठाऊक आहे का, ती कोण?

म्हणजे समुद्राच्या दोन काठांवर
दोन म्हाताऱ्या
एकाच भोकातून बघत होत्या, आणि दिसत होता
एकमेकींचा डोळा.

मी संगणक मिटणार होते.
खाली आणखी दोन ओळी होत्या.
उशीर झाला, माफ करा. गुडघ्याचं दुखणं,
त्यात आठवडाभर पाऊस, कुत्रा आत आला
की घरभर नुसतं क्लार्टी.

तो शब्द मी बोटानं पडद्यावर चाचपला.
रक्तातून शब्द येत नाही, एवढं मलाही कळतं.
तो पायरीवरून आला असेल, गल्लीतून, कुणा आयाच्या तोंडून.
हॅनाच्याही, कदाचित.

आजोबांनी तो कधी कागदावर लिहिला नव्हता.
त्याचं स्पेलिंग मला आज कळलं.