निम

स्थळाच्या कागदावर मामांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:
नोकरी – निमसरकारी, मार्केट यार्ड, सांगली.
आष्ट्याची मंडळी चष्मे सरसावून वाचत बसली,
आणि पोह्यांची बशी खाली ठेवत मुलीच्या चुलत्यांनी विचारलं,
"निम म्हणजे नेमकं किती हो? आठ आणे? का बारा?"

मामा म्हणाले, "तसं सरकारीच."
तसं.
या दोन अक्षरांवर माझी तीस वर्षं गेली.

बाजार समितीच्या पाकिटावर शिक्का गोल असतो,
फक्त त्यात सिंह नसतात.
निवडणूक आली की मी पूर्ण सरकारी,
पेटी मांडीवर घेऊन रात्रभर जागायला.
कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हाही पूर्ण,
गुडघाभर चिखलात घरांच्या याद्या करायला.
भत्त्याचा कागद आला तेव्हा
माझ्या नावापुढे लाल शाईत शेरा:
'सदर कर्मचारी निमसरकारी. सबब विचार नाही.'

सबब. हाही एक शब्दच.

दस्तगीरभाई तोलाईवर होते तेव्हाची गोष्ट.
म्हणाले, "फारसीत नीम म्हणजे अर्धा, साहेब.
नीम हकीम ऐकलाय ना? त्याच घरचे तुम्ही."
आणि हसत हसत हळदीचं पोतं काट्यावर टाकलं.
काटा थरथरला,
मग एका आकड्यावर येऊन थांबला.
मी पावती फाडली.
कार्बनखालची प्रत पुसट उठली होती,
तीच आमच्या दप्तराला राहायची.

पण आष्ट्याचं सांगायचं राहिलंच.
मुलीचाही एक कागद होता.
नाव हेमलता. शिक्षण बारावी, शिवणकाम येते.
वर्ण – निमगोरा.
मी वर पाहिलं. तिनंही माझा कागद वाचलेला.
ओठ मिटूनच हसली.
चुलते अजून आण्यांचा हिशेब करत होते,
आमचं तोवर ठरलं होतं.

आता धाकटी आठवीत.
काल वही घेऊन आली, व्याकरणाचा स्वाध्याय:
'निम' हा उपसर्ग लावून चार शब्द लिहा.
तिनं लिहिलं होतं निमसरकारी, मग निमशहरी,
मग आईकडे बघून निमगोरा,
आणि चौथा सुचेना म्हणून
निमूट.

बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती.
समासात लिहिलं होतं: हा शब्द या कुळातला नाही.

"खरंच नाही का, बाबा?"

बाईंचं बरोबर असणार.
मी वहीवर पालकांची सही केली, पूर्ण नावानिशी,
आणि ती आत गेल्यावर
बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिलो.