बग क्रमांक २१७

श्रेणिक चौगुलेनं लिहून पाठवलंय:
"बग. भिवराला त्रेसष्ट भेटवस्तू दिल्या,
तरी ती नाही म्हणते."

दुपारचे तीन. विश्रामबागेत
झेरॉक्सच्या दुकानावरची आमची खोली,
चार संगणक, एक कूलर,
आणि खालून सतत कागद ओढल्याचा आवाज.
श्रेणिक एकोणीस वर्षांचा. कुपवाडहून सायकलवर येतो.
आम्ही त्याला खेळायचे पैसे देतो
आणि तो इमानानं खेळतो.

भिवरा माझी. म्हणजे मी लिहिलेली.
नाव वल्हवते, हरिपूरच्या संगमासारख्या कुठल्याशा संगमावर,
जिथं दोन पाण्यांचे रंग बराच वेळ
एकमेकांना न विचारता शेजारी चालतात.
तिच्या मागे एक पूर आहे, पुरामागे एक माणूस.
एवढं सगळं तिला दिल्यावर
त्रेसष्टाव्या गजऱ्याला ती हो कशी म्हणेल?

धैर्यशील हिशेब घेऊन येतो:
"लोक तीनशे रुपये मोजणार.
तीनशे देऊन नकार कोण विकत घेतं रे?"
मला उत्तर सुचत नाही. त्याचंही खोटं नाही.
ज्याच्या हातात बटण दिलं
त्याचं बटण चाललंच पाहिजे,
नाहीतर मी आपली गोष्ट सांगत बसावं,
खेळ कशाला मांडायचा?

रात्री एक ओळ लिहून पाहिली:
"तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, आता मी तुमचीच."
वाचली.
भिवराच्या तोंडात दुसऱ्याच बाईची कवळी.
पुसली.

तंबोऱ्याचा आवाज हवा होता म्हणून मिरजेला गेलो.
दस्तगीरचाचा घोडीवर तारेखाली सूत सरकवत होते,
तांदळाएवढं पुढं, तिळाएवढं मागं,
आणि मुकी तार एकदम
खोलीभर झाली.
विचारलं, कुठल्या पट्टीत लागतो हा?
"लावशील तिथं. थोडं वर, थोडं खाली.
पण बाईचा तंबोरा बाप्याच्या पट्टीत उतरवलास
तर नुसती तार हलंल, भोपळा बोलायचा न्हाई.
भोपळ्याचं वेलावर असतानाच ठरलेलं असतंय."

परतीच्या बसमध्ये मी खुंट्या मोजत बसलो.
नावेत कुठं बसायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.
बोलायचं, की वल्ह्याचा आवाज ऐकायचा.
गजरा द्यायचा, पाण्यात सोडायचा,
की आपल्याच खिशात सुकू द्यायचा.
त्या माणसाबद्दल विचारायचं
की तिनं सांगेपर्यंत थांबायचं
(थांबणाऱ्याला ती सांगेल. कधीतरी. रोज नाही).
एका वाटेनं ती हो म्हणते.
ती वाट वस्तूंच्या बेरजेतून जात नाही,
एवढंच मी धैर्यशीलला सांगितलं.
बाकी वाटांवर नाही,
पण एक नाही हसून,
एक नाव काठाला लागल्यावर,
एक नुसतंच, दोर गुंडाळता गुंडाळता.
एकाच नकाराच्या अकरा तऱ्हा लिहिताना
ती मला पहिल्यांदा पाठमोरी दिसली,
आणि मी तिला वळवली नाही.

धैर्यशील म्हणाला, खपला नाही तर
हळदीच्या पेठेत हमाली करू.
बरं म्हणालो.
२१७ अजून उघडाच आहे.

आज रात्री पावणेदोनला श्रेणिकचा निरोप:
"परत नाही म्हणाली.
पण काठावर ती उतरताना मी हात पुढं केला नाही.
तिला लागतच नाही हात कुणाचा.
हे तू लिवलंयस का?"

मी फाइल उघडून शोधलं.
हात देण्याचं बटण होतं.
न दिल्याचं
कुठंच काही नव्हतं.