निवळ की गढूळ

भरमाण्णा, माझा बाप, नीरगंटी होता.
म्हणजे तळ्याची चावी त्याच्या खांद्यावर,
हातभर लांब, गंजकी,
आणि कुणाच्या शेताला पाणी कधी
ते सगळं डोक्यात. वही फक्त पंचायतीसाठी.

जांबोटीकडून येताना डावीकडे हिरवा उंचवटा दिसतो,
गुरं चरतात, म्हणून परक्याला ती टेकडीच वाटते.
टेकडी नव्हे. टोपल्यांनी आणलेली माती आहे,
बैलांनी तुडवलेली,
मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा,
करंजीत सारण असावं तसा.

पलीकडच्या आळीत तिला केरी म्हणतात, आमच्यात तळं.
सांडव्याला मात्र दोन्हीकडे कोडीच.
कोडी पडली की दोन्ही आळ्यांतली पोरं
एकाच पंच्याने मासे धरतात.

पाणी मोजायच्या खांबावर आकडे कानडी.
दोन, तीन, चार आपल्यासारखेच दिसतात.
पाचाच्या पुढे बाप अडखळायचा.
मग धुण्याच्या दगडावरून शांतव्वा ओरडायची,
"एळू!"
आणि बाप वहीत लिहायचा: सात.

बांधावर झाड नको, हा त्याचा नियम.
मूळ मेलं की पाण्याला आयता बोगदा.
मी लावलेला फणस त्याने टीचभर असताना उपटला,
फडक्यात गुंडाळून घरामागे नेऊन लावला,
आणि आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.
खेकड्याची बिळं तो बोटाने चाचपायचा,
डॉक्टर पोट चाचपतो तशी.

रोज पहाटे बांधाच्या पायथ्याशी
झिरप्याखाली सरबताची रिकामी बाटली धरायची.
"झिरपतंय म्हणून भ्यायचं न्हाई.
मातीबी घाम गाळती.
पानी येऊलालंय ते येऊ दे,
त्येच्यासंगं माती येऊलालीय काय, ते बग."

गौरीच्या आदल्या रात्री बाटली गढूळ भरली.

लोक फावडी घेऊन आले. बुजवा म्हणाले, चिखल मारा.
मलप्रभेवरचा पूल पाण्याखाली, हिरेमठ सायब फोनवर,
तेही कानडीत, तेही तुटक.
शांतव्वाचा बसू बोट वर करून सांगत होता:
बुजवायचं नाही. आधी वाळू, मग खडी, मग दगड.
पाण्याला वाट द्यायची, मातीला द्यायची नाही.

वाळू होती धुळू झोऱ्याच्या दारात,
नव्या घराची, ताडपत्रीखाली.
कुणी मागितली नाही. त्यानेच ताडपत्री ओढली.
त्याचं घर पुढे दोन वर्षं लिंटलपाशीच थांबलं,
त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

बापाने चावी फिरवली, पाणी उतरवायला.
कालव्याखाली पहिलं शेत आमचंच.
पोटरीतलं भात कंदिलाच्या उजेडात आडवं होताना
आईने पाहिलं, आणि घमेलं पुढच्या हातात दिलं.

पहाटे चारला बाटली चहासारखी,
सहाला ताकाच्या निवळीसारखी.
साडेआठला तिच्यातून मला बापाचा अंगठा दिसला.
नखाखाली वाळू होती.

आता बाप नाही.
चावी पंचायतीच्या कपाटात,
पाणी मोटारीवर चढून टाकीत जातं, टाकीतून नळाला.
खांबाला नवा रंग लावलाय, आकडे इंग्रजी,
शांतव्वाला ते वाचता येत नाहीत.
ती ओल्या दगडाकडे बघून सांगते, आणि बरोबर सांगते.

बाटली माझ्याकडे आहे.
सून विचारते, अत्ती, रोज काय बघता हो यात?
मी तिला बाटली हलवू देत नाही.
खिडकीत टेकवायची.
पहिली भाकरी फुगेस्तोवर थांबायचं.
मग तळाशी बघायचं.