अनुक्रमांक ७४३

रामबागेतल्या वाचनालयातून तिसऱ्यांदा फोन.
"आपोआप बंद होतो, आपोआप सुरू होतो,
मधलं टाइप केलेलं सगळं गिळतो."
कुंदाताई पुराणिक. तक्रारसुद्धा
रजिस्टरात नोंद केल्यासारखी करतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सेटिंगमधली खूण काढली होती,
'बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू व्हा' याच्यापुढची.
म्हटलं, बाबा, पडायचं तर पड,
पण निळा पडदा दाखव, कारण सांगून मर.
नाही सांगितलं.
निळं काही नाही. टुक्, काळोख,
मग पुन्हा पंख्याची घरघर, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्यांदा रॅम काढून खोडरबरानं घासली
(बालविभागाच्या टेबलावरचं, हत्तीच्या आकाराचं),
पंख्यातून निघाली ती धूळ सुपात पाखडावी एवढी.
प्रोसेसरवर नवी पेस्ट.
जेल रोडवरून दुकानाचा पॉवर सप्लाय आणून जोडला.
लोकेश म्हणाला, "भिया, अर्थिंग देखो,"
तर अर्थिंगही पाहिलं, बोर्डामागची पालही पाहिली.
अर्धा तास समोर बसून राहिलो.
डॉक्टरसमोर पोरगं खोकत नाही,
तसं शहाण्यासारखं चालत राहिलं.

"एक सांगू का, हसू नका," त्या आज म्हणाल्या.
"सातशे त्रेचाळीस आलं की जातो."

यादी करतायत त्या.
परत न आलेल्या पुस्तकांची.
मार्चमध्ये खोली सोडायची, समितीला हिशेब हवा.
कुणी नेलं, कधी नेलं, आणि शेवटचा रकाना,
जो सगळ्यांचाच रिकामा.

मी हसलो नाही. मशीनला आकडे कळत नाहीत, एवढंच म्हटलं,
आणि स्वतः बसून टाइप केलं:
७४३. वि. रा. फणसे. जून १९८४.
एंटर.
काही नाही.
पुसलं, पुन्हा केलं. काही नाही.
"आता तुम्ही बसा."

मी टेबलाखाली शिरलो, वायरी बघायला म्हणून.
कॅबिनेट खाली, दोन विटांवर,
आणि त्याला टेकून त्यांचा उजवा पाय.
वरून कळा वाजत होत्या.
७४१. पाय गप्प.
७४२. गप्प.
मग टाच हलायला लागली,
शिवणयंत्र चालवावं तशी, आधी हळू,
मग थांबता न येणारी.

टुक्.

रीसेटचं बटण. दाबलं तर आत गेलं,
बाहेर यायला मात्र वेळ लावत होतं.
नखानं खरवडलं: चिकट, पिवळट,
नाकाशी नेलं तर वेलदोडा.
शारदोत्सवाला सराफ्यातून शिकंजी आली होती म्हणे,
कुणाचा तरी ग्लास कलंडला असणार.
तेव्हापासून अर्ध्यावर अडकलेलं,
जरा हादरा बसला की टेकणारं.

"काय निघालं?"
"शिकंजी," मी म्हटलं.
अर्धंच सांगितलं.

मदरबोर्डावरून दोन बारीक वायरी उपटल्या,
एक निळी, एक पांढरी.
बटण आता नुसतं बटण,
दाबा, ठोका, काही होणार नाही.
दोनशे रुपये. पावतीवर त्यांनी तारीख घालायला लावली.

"माझ्यासमोर एकदा करून बघा," म्हणालो,
आणि झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळायला पुन्हा खाली बसलो.
स्क्रू आवळून झाला.
पाय हलत होता.
वर कळांचा आवाज नव्हता.
मशीन चालू होतं.