बाजू ब

कॅसेटवरच्या चिठ्ठीवर आता 'संगीत' एवढंच उरलंय.
पुढचं नाव कसरीनं खाल्लं
की दुकानातल्या ओलीनं, सांगता येत नाही.
लक्ष्मीपुरीत मी पंख्यांच्या कॉइली भरतो,
मिक्सर दुरुस्त करतो.
एक डेक ठेवलाय, विकायचा नाही.
त्याचा पट्टा तीनदा बदलला,
तिसऱ्यांदा तर सायकलची ट्यूब कापून.

सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर ओढून मी ती लावतो.
आधी विजेची घरघर.
माइकची वायर कुणी कुठल्या तारेला चिकटून नेली होती
ते मला इथं बसून कळतं.
मग तिसरी घंटा.
सुराआधी पायपेटीचा भाता श्वास घेतो.
तबलजी गट्ट्यावर हातोडी ठोकतो, दोनदा,
आणि एक खुर्ची नांदीभर करकरत राहते.

पहिल्या अंकात बाई 'जरा थांब' एवढंच
अकरा वेळा म्हणतात,
अकराही वेळा वेगळ्या जिन्यानं उतरतात.
नवव्या वेळी बाहेरून गर्जना येते.
दुपारचा खेळ असावा,
भिंतीपलीकडं खासबागेत
कुणीतरी कुणालातरी अस्मान दाखवलेलं.
बाई चिडत नाहीत.
आरोळी विरेपर्यंत षड्ज धरून उभ्या राहतात,
भाकरी फुगेपर्यंत तव्यापाशी उभं राहावं तशा.

"त्या कुस्तीलाच जाणार हुतो," आप्पासो खाडे सांगतात,
"वस्तादानं नाटकाचा पास दिला.
म्हणाला, जरा माणसांत बसाय शीक."
कान फुटलेले, गुडघे गेलेले,
स्टुलावर मावत नाहीत अजून.
गाण्यातलं काही कळत नाही, हे तेच सांगतात.
ते येतात खोकल्यासाठी.

तिसरा अंक, बाजू ब.
बाई आवाज इतका बारीक करतात
की सुईत ओवावा,
आणि नेमका तिथंच
खक्.
"ह्यो म्या," आप्पासो मांडीवर थाप मारतात,
"शेंगदाणं खात हुतो. दाणा घशात गेला."
बाई गेल्या, पायपेटीवाले गेले,
कंपनी मोडली, पडदे कुणी कुठं विकले माहीत नाही.
खोकला आहे, ठणठणीत.

या खेपेला ते आले
तेव्हा सोनाक्काचं बारावं होऊन आठ दिवस झालेले.
खोकला झाला. मी सवयीनं हसलो.
ते हसले नाहीत.
"मागं घे. आवाज वाढीव."
पुन्हा खक्. आणि त्याच्या पाठोपाठ,
इतकी वर्षं मी जिला फितीची खरखर समजत आलो, ती:
शुऽऽ.

"फुडच्या रांगंत बसलीती," आप्पासो म्हणाले,
"वळून बगितलं न्हाई. नुस्तं शुऽऽ."
"कोण?" मी विचारलं,
आणि विचारून झाल्यावर मला कळलं.
"तवा वळख न्हवती.
खेळ सुटल्यावर माफी मागाय गेलो,
तर तिची एक चप्पल घावंना.
दोगांनी मिळून हुडकली."

मी हेड स्पिरिटनं पुसलं.
ट्रेबल वाढवला, बेस कमी केला,
बाईंचा आवाज पत्र्यासारखा झाला, होऊ दिला.
सात वेळा लावलं.
दर खेपेला फीत थोडी झिजते,
हे मला धंद्यानं माहीत आहे. बोललो नाही.
म्हटलं, "मोबाइलमध्ये घेऊन देतो, आप्पा. तेवढंच."
"नगं," ते म्हणाले,
"खिशात असलं तर दिसभर ऐकत बसंन.
तिला आवडायचं न्हाई."

उठायला त्यांना वेळ लागला.
बाहेर एक पोरगा मिक्सर घेऊन उभा,
आत बाई पुढच्या कडव्यावर गेलेल्या,
त्यांचं कुणाकडं लक्ष नाही.
शटरखालून वाकून जाताना आप्पासो खोकले
आणि तसेच, वाकलेलेच,
थोडा वेळ थांबले.