बावन्न आठवडे

बावन्न आठवडे, असं लिहून आलं पुण्याहून.
खाली एक ओळ: सध्या मोटार कंपन्यांना प्राधान्य.
दुकानातल्या बल्बखाली ती ओळ मी दोनदा वाचली
अन् मोबाईल काउंटरवर पालथा घातला.

चिप म्हणजे केवढी?
लाखोळीचा दाणा घ्या, चपटा करा, तीन पाय लावा.
किंमत अठरा रुपये.
काम एकच: बारा व्होल्ट आले तरी पुढं पाचच सोडायचे,
तलावाच्या तुडुमावर बसलेला पाणकर
सोडतो तसे, मोजून, कुणाचं न ऐकता.

रांग मलाही कळते.
सिंदेवाहीत रेशनच्या दुकानापुढं माणसं उभी राहत नाहीत,
चपला उभ्या राहतात, पिशवी, वीट,
एकदा तर डोमाजी नन्नावरेची नुसती काठी;
डोमाजी घरी जेवत होता.
कुणी कुणाची वीट उचलून मागं सरकवत नाही.
पण ही रांग म्हणे तायवानात लागलीय.
तिथं माझी वीट कोण नेऊन ठेवणार?
पुढं ते, ज्यांनी एका दमात दहा लाख मागितल्या.
मी मागितली एक.

ती एक लागणार होती
आरोग्य केंद्रातल्या बाळं गरम ठेवायच्या पेटीला.
कोवे सिस्टरचा रोज दिवे लागताना फोन:
‘भाऊ, झालं का जी?’
मी म्हणायचो, येऊन राहिली.
बाळ एक किलो सहाशे.
त्याची माय चंद्रपूरला, रक्ताच्या बाटल्यांवर.
बाप देवचंद, बांबू तोडणारा,
शर्ट काढून खाटेवर उताणा,
छातीवर ते बाळ, वरून घोंगडी.
मी पेटीचं झाकण उघडायला गेलो तेव्हा
त्यानं नाकावरची माशीसुद्धा हाकलली नाही.
‘हालू का नको?’ एवढंच पुटपुटला.
सिस्टर म्हणाली, हाल बापा, श्वास तरी घे.

मग ब्रह्मपुरीहून शब्बीरभाईचा निरोप:
एक गाडी आलीय भंगारात, पांढरी,
मूलच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं.
जाऊन पाहतो तर बॉनेटची घडी झालेली,
पण सीटवरचं प्लास्टिक तसंच,
आरशाला लिंबू-मिरची, लिंबू अजून हिरवं.
मालकानं अकरा महिने वाट पाहिली म्हणे हिची.
चालली एकोणीस दिवस.

दाराच्या आत, काच वरखाली करणाऱ्या पट्टीवर
ती बसली होती, आपली, तीन पायांची.
सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला.
एका बोर्डावर एक, चार दारांच्या चार,
दोन डिक्कीत, एक कुठं ते सांगत नाही.
काड्यापेटीत कापूस घालून सातही घरी आणल्या.

पेटीवर आकडा उमटला: छत्तीस पूर्णांक चार.
देवचंदनं बाळ ठेवलं, शर्ट घातला,
गुंड्या चुकीच्या लागल्या, तसाच बाहेर गेला.
मी पैसे सांगितले अठरा.
सिस्टरनं वीस दिले, अन् दोन परत घेतले नाहीत.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण गोष्ट गावभर झाली. उरल्या सहा.
पहिला फोन धानाच्या मिलमधून, वजनकाटा बंद,
मग शाळेचा इन्व्हर्टर, मग गडचिरोलीकडून कोणी,
आवाज तुटत होता, फक्त ‘पेटी’ कळलं,
मग रेतीवाले झाडे साहेब:
गाडीचा रिमोट, पैसे विचारू नको.
मी वही काढली.
एक, दोन लिहिलं. तीनला खोडलं.
मिलवाला माझा साडू.
गडचिरोलीचा नंबर लागेना.
चौथ्यापुढं हात आपोआप एक शब्द लिहू लागला,
‘प्रा’ झाला अन् मी पेन ठेवला.

रात्री काड्यापेटी उशाशी घेऊन झोपलो,
जसा काही आत सोन्याचा मणी आहे.

सकाळी शटर वर करायला वाकलो,
तर उंबऱ्यापुढं एक वीट.
आजूबाजूला कुणी नाही.
नाव नाही, चिठ्ठी नाही, दवानं ओली.
मी ती उचलली नाही.
तिला ओलांडून आत गेलो
अन् परत त्या तुटक्या नंबरावर फोन लावला.