सहा गोल खुणा

पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर त्या सकाळी
लिंबाखाली टेबल, टेबलावर माझं ईसीजी मशीन,
आणि समोर व्यायामशाळेतून ओढून आणलेली निळी गादी.
नवीन हत्यार आलं होतं. पिवळं. जत्रेतल्या पिस्तुलासारखं.
माहिती द्यायला आलेला गृहस्थ घाम पुसत म्हणाला,
हृदयाला काही होत नाही,
म्हणून तर मॅडमना बोलावलंय.

मॅडम म्हणजे मी, भाग्यलक्ष्मी म्याकल,
सिव्हिलमधली टेक्निशियन, वाढले विडी घरकुलात.

सात शिपाई आपणहून पुढे आले.
पंचविशीतली पोरं, नाष्टा झालेली,
दंड धरायला दोघं, खाली गादी.
कडकडकड. पाच सेकंद.
पोरगं फळीसारखं ताठ झालं, ओरडलं,
मग हसलं, कारण सगळेच हसत होते.
मी पट्टी काढली. नॉर्मल. सातही नॉर्मल.
तसं लिहून दिलं. खोटं नव्हतं ते.

पण पाच सेकंद म्हणजे माझ्या कागदावर
साडेबारा सेंटीमीटर.
आधीचा कागद आहे, नंतरचा आहे.
तेवढा तुकडा कुणाचाच नाही.

आमचे अप्पा यंत्रमागावर जॉबर.
सांगायचे, धोटा ह्या टोकाला असू दे, त्या टोकाला असू दे,
माग थांबला तर थांबला.
मध्यावर असताना अडकला
तर दोनशे तार एका दमात जातात,
मग बसा रात्रभर एकेक सांधत.
हृदयातही असा मध्य असतो, दर ठोक्याला,
उंच सुळक्यानंतर बुटकी टेकडी येते ना, तिच्या चढावर,
पापणी लवायच्या आत सरणारा.
बहुतेक वेळा नेमकं तिथं काही पडत नाही.
बहुतेक वेळा.
रिपोर्टात ह्या शब्दाला रकाना नाही.

एप्रिलात, रात्री अडीचला, राजेशम चिट्यालला आणलं.
वय एकेचाळीस, वजन सेहेचाळीस किलो, टॉवेलच्या कारखान्यात कामाला.
प्यालेला. अशोक चौकातून कन्ना चौकापर्यंत पळालेला.
हातात विळा होता म्हणे. म्हणे नव्हता.
गादी नव्हती, हे नक्की. कोपराला डांबराची खडी.
डाव्या बाजूला दोन बारीक टोचे,
आणि आत दोन बोटांवर, मांस असं नाहीच, थेट ते.
पट्टी काढली. नाडी एकशे अठरा. बाकी नॉर्मल.
"आगिंदा, अक्का?" त्यानं विचारलं,
थांबलं होतं का मध्ये?
मी म्हटलं, आता चाललंय.
हे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही
एवढी शुद्ध होती त्याला.

आठ दिवसांनी हवालदार इरण्णा म्हमाणे आले,
साध्या कपड्यात, जेवणाच्या सुट्टीत.
"नोंद नको मॅडम. माझं बी काढा की जरा.
बोट मी दाबलो त्या रात्री.
तो पडला, उठला बी. माझंच धडधडायलंय तवापासून."
जेली लावली, रबरी फुगे बसवले, एकापाठोपाठ एक.
नॉर्मल, म्हटलं. ते उठेनात.
"मग सांगा, कुठं मारायचं?
आम्हाला म्हणले, लागंल तिथं."

फुगे काढले तेव्हा छातीवर सहा लाल गोल उमटले होते,
मधल्या हाडाच्या उजवीकडून निघून काखेकडे वळलेली कमान.
हात धुवायच्या बेसिनवर आरसा आहे, तडा गेलेला.
म्हटलं, बघा. एवढं सोडून.
पाठीवर. मांडीवर. नाहीतर नाहीच.
आणि एकदा झाल्यावर बोट काढा.

त्यांनी बराच वेळ बघितलं.
बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा नुसता फिरत होता.
"कधी जातेत हे?"
अर्ध्या तासात.
"लई लवकर जातेत की," म्हणाले,
आणि शर्ट न घालताच
माझ्या खिशातला पेन मागितला.